थायरॉइडची गोळी सुरू असताना बाळाचा विचार: टीएसएच किती हवा, डोस कधी वाढवायचा, तपासणी कधी करायची

प्रश्न थोडक्यात असा: वय ३१. तीन वर्षांपूर्वी हाशिमोटो थायरॉयडायटिसचं (शरीराचीच प्रतिपिंडं थायरॉइड ग्रंथीला हळूहळू झिजवतात तो आजार) निदान झालं, तेव्हापासून थायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू आहे. नुकताच केलेला टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणाऱ्या हार्मोनची रक्ततपासणी; थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो) ४.८ आला. आता बाळासाठी प्रयत्न सुरू करायचे आहेत. टीएसएच नेमका किती असावा? दिवस गेल्यावर गोळी चालू ठेवायची की, घरचे म्हणतात तसं, पहिले तीन महिने कुठलंही औषध नको? आणि तपासणी किती वेळा करायची?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक तिथेच होते. गोळी एक दिवसही बंद करायची नाही. तुमच्या गळ्यातली ग्रंथी जो हार्मोन तयार करते, अगदी त्याच रचनेचा हार्मोन या गोळीत असतो. तुमची ग्रंथी तो पुरेसा देत नाही म्हणून तोंडावाटे घ्यावा लागतो. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण १० ते १२ व्या आठवड्यात कामाला लागते, पण पुरेसा हार्मोन तयार व्हायला १८ ते २० आठवडे उजाडतात. तोपर्यंत बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागणारा थायरॉक्सिन आईच्या रक्तातून वारेमार्फत येतो, दुसरीकडून तो मिळत नाही. म्हणजे घरचे ज्या तीन महिन्यांत गोळी नको म्हणतात, नेमक्या त्याच तीन महिन्यांत बाळाला तिची सर्वाधिक गरज असते. घरच्यांची काळजी खरी आहे, त्यामुळे त्यांना हे कारण नीट समजावून सांगा. शक्य असेल तर पुढच्या भेटीला त्यांच्यापैकी कुणाला सोबत घेऊन जा.

गोळी नुसती चालू ठेवून भागत नाही, ती वाढवावी लागते. ही वाढ गर्भारपणाच्या पाचव्या आठवड्याच्या सुमारासच लागायला सुरुवात होते. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात हे लक्षात घेतलं की अडचण कुठे आहे ते कळतं. पाळी चुकते तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. घरी पट्टीवर चाचणी होते पाचव्या आठवड्यात. बहुतेक जणी डॉक्टरांकडे पहिल्यांदा जातात ते सातव्या-आठव्या आठवड्यात, सोनोग्राफीत ठोके दिसावेत म्हणून. मग रक्ततपासणी लिहून दिली जाते, रिपोर्ट येतो, तो घेऊन पुन्हा भेट होते आणि डोस वाढतो, तोवर नववा-दहावा आठवडा लागलेला असतो. यात कुणी हयगय केलेली नसते, तरी महत्त्वाचे चार-पाच आठवडे हातून जातात. म्हणून थायरॉइडच्या रुग्णाचं गर्भारपणाचं नियोजन दिवस जाण्याच्या आधी व्हायला हवं. तुम्ही योग्य वेळी विचारलं आहे.

आधी टीएसएच खाली आणा

गोळी घेत असलेल्या स्त्रीने प्रयत्न सुरू करताना टीएसएच लॅबच्या खालच्या मर्यादेपासून २.५ पर्यंत असावा, ०.५ ते २.५ धरलं तरी चालेल. एकक मिली-आययू प्रति लिटर असो की मायक्रो-आययू प्रति मिलिलिटर, आकडा तोच राहतो. तुमचा ४.८ आहे, म्हणजे सध्याचा डोस कमी पडतोय. अशा वेळी साधारणपणे १२.५ ते २५ मायक्रोग्रॅम वाढवतात, म्हणजे ७५ ऐवजी ८८ किंवा १०० ची गोळी. मात्र आधी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: गेल्या दोन महिन्यांत गोळी किती वेळा चुकली, आणि चहाबरोबर किती वेळा घेतली? गोळी घेण्यातच गडबड असेल तर ती दुरुस्त केल्यावर ७५ चीच पुरेशी ठरू शकते. अशा वेळी डोसही वाढवला, तर टीएसएच गरजेपेक्षा खाली जातो.

डोस बदलल्यावर पुढची तपासणी ६ आठवड्यांनी. थायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. पंधरा दिवसांत केलेला टीएसएच अर्ध्या वाटेवरचा आकडा दाखवतो आणि त्यावरून पुन्हा डोस बदलला की घोळ वाढतो.

तोवर प्रयत्न थांबवायचे का? टीएसएच १० च्या वर असेल किंवा फ्री टी-फोर (रक्तातला मोकळा थायरॉक्सिन) कमी असेल, तर होय, पातळी जागेवर येईपर्यंत गर्भनिरोधक वापरावं. उघड हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड स्पष्टपणे कमी पडणं, असताना राहिलेल्या गर्भारपणात गर्भपात, वेळेआधी प्रसूती, रक्तदाब वाढणं, बाळाचं वजन कमी भरणं हे धोके वाढतात. तुमच्या ४.८ ला डोस बदलून सहा आठवडे थांबणं शहाणपणाचं, पण मधेच दिवस राहिले तर घाबरायचं कारण नाही. आणि वय ३७-३८ असेल, तर २.५ ऐवजी २.९ आला म्हणून आणखी दोन महिने थांबवण्यात मला अर्थ दिसत नाही. त्या वयात दोन महिने जास्त मोलाचे.

टीएसएच वाढलेला असताना पाळी लांबते, अंडं वेळेवर सुटत नाही, आणि प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोनही वाढू शकतं. म्हणून प्रोलॅक्टिन जास्त आलं की त्याची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच पाहावा. अनेकदा थायरॉइड जागेवर आलं की प्रोलॅक्टिन आपोआप उतरतं.

२.५ की ४? आकड्यांचा गोंधळ

एक डॉक्टर ३.२ ला गोळी सुरू करतात, दुसरे म्हणतात काही गरज नाही. यामागे इतिहास आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०११ मध्ये गर्भारपणातली वरची मर्यादा पहिल्या तिमाहीत २.५ आणि नंतर ३ अशी दिली. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच आकडे आले. २०१७ मध्ये अमेरिकन संस्थेने ते बदलले: स्थानिक लोकसंख्येवरून ठरवलेली मर्यादा उपलब्ध असेल तर ती वापरा, नसेल तर पहिल्या तिमाहीच्या उत्तरार्धापासून वरची मर्यादा साधारण ४ धरा. आपल्याकडे दोन्ही पद्धती अजून चालतात.

तुमच्यासाठी यातला भेद असा. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीसाठी २.५ हे गाठायचं लक्ष्य आहे. जी गोळी घेत नाही तिला मात्र टीएसएच २.५ च्या वर गेला म्हणून आजार जडलेला नसतो. तिच्या बाबतीत अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी निर्णय ठरवायला मदत करते. टीएसएच १० च्या वर असेल तर प्रतिपिंडं असोत वा नसोत, गर्भारपणात उपचार हवेतच. ४ ते १० च्या मध्ये असेल आणि प्रतिपिंडं असतील तर उपचार करावेत; नसतील तर विचार करून, बहुधा २५ किंवा ५० ची गोळी देतात. २.५ ते ४ आणि प्रतिपिंडं असतील, विशेषतः आधी गर्भपात झालेले असतील, तर छोटा डोस देण्याचा विचार होतो. प्रतिपिंडं नसतील तर गोळी नको. टीएसएच पूर्ण नॉर्मल आणि फक्त प्रतिपिंडं वाढलेली, अशा स्त्रियांना आधीपासून ५० मायक्रोग्रॅम देऊन ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. जिवंत बाळ जन्मण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून अँटी-टीपीओचा आकडा ६०० आला तरी तो उतरवण्यासाठी गोळ्या, पथ्यं, सप्लिमेंट यांवर पैसे घालवू नका. त्या आकड्याचा उपयोग एवढाच की अशा स्त्रीचा टीएसएच गर्भारपणात वारंवार पाहायला हवा, कारण तिची ग्रंथी वाढत्या मागणीला पुरी पडेलच असं नाही. तुम्हाला हाशिमोटो आहे हे माहीतच आहे, त्यामुळे ही तपासणी पुन्हा पुन्हा करण्याची गरज नाही.

गोळी पोटात पोचते, रक्तात पोचते का?

डोस योग्य असूनही टीएसएच वर राहण्याचं सर्वांत नेहमीचं कारण गोळी घेण्याच्या पद्धतीत सापडतं. सकाळी उठल्यावर, दात घासून, साध्या पाण्याबरोबर गोळी. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर चहासुद्धा नाही. चहा-कॉफी, दूध, सोयाबीन, तंतुमय पदार्थ या सगळ्यांमुळे गोळी कमी शोषली जाते. सकाळी धावपळ असेल आणि हे जमतच नसेल, तर रात्री झोपताना, जेवणानंतर किमान तीन तासांनी घ्या. त्या वेळी दूध नको. सकाळ किंवा रात्र, एक वेळ पक्की करा.

गर्भारपणात खरी अडचण येते ती लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची. दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात. मध्ये चार तासांचं अंतर हवं. दिवस असा बसवता येतो: सहाला थायरॉक्सिन, सातनंतर चहा-नाश्ता, अकराच्या सुमारास लिंबूपाण्याबरोबर लोहाची गोळी, दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम आणि दुसरी कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. लोह आणि कॅल्शियमही एकत्र घ्यायचे नसतात, ते याच वेळापत्रकात सांभाळलं जातं. थायरॉक्सिन रात्री घेत असाल तर रात्रीची कॅल्शियम सकाळच्या नाश्त्यानंतर घ्या. नुसती फॉलिक अॅसिडची गोळी थायरॉक्सिनच्या आड येत नाही, पण गर्भारपणाच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बहुधा लोह असतं, तेव्हा वेष्टनावरची यादी वाचा. फॉलिक अॅसिड प्रयत्न सुरू करण्याआधीपासूनच घ्यायला हवं, ते अजून सुरू केलं नसेल तर आजच विचारून घ्या.

पित्ताच्या गोळीचं गणित वेगळं आहे. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांसारख्या गोळ्या पोटातलं आम्लच कमी करतात, आणि थायरॉक्सिन विरघळायला आम्ल लागतं. इथे चार तासांच्या अंतराने फारसं साधत नाही. ती गोळी रोज सुरू झाली असेल तर डॉक्टरांना सांगा आणि टीएसएच पुन्हा पाहा, डोस थोडा वाढवावा लागू शकतो. डोस वाढवत नेऊनही टीएसएच उतरतच नसेल, तर सीलिअॅकसारखा आतड्याचा आजार आहे का तेही तपासावं.

एखाद्या दिवशी गोळी विसरली तर आठवेल तेव्हा, पोट रिकामं असताना घ्या. दिवसभरात आठवलंच नाही तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतात. उपासाच्या दिवशी गोळी चुकवायची नाही. हरतालिकेचा निर्जळी उपास असला तरी दोन घोट पाण्याबरोबर ती घ्यावी. गर्भारपणात निर्जळी उपास मुळात नकोच. रमजानमध्ये रोजे असतील तर सहरीच्या अर्धा-पाऊण तास आधी किंवा रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेता येते.

बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका, बाथरूमच्या कपाटातही नाही. उष्णता, ओल आणि उजेड तिन्हींनी गोळीचा कस उतरतो, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर झाकण घट्ट हवं. आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका. कंपनी सारखी बदलू नका. बदलावीच लागली तर एरवी ६ आणि गर्भारपणात ४ आठवड्यांनी टीएसएच पाहा. आणि औषधाच्या दुकानात गोळी हातात घेतल्यावर आकडा वाचा. २५ ऐवजी १२५ ची बाटली हातात येणं फार सोपं आहे.

पट्टीवर दोन रेघा दिसल्या, त्या दिवशी

आजपर्यंतच्या डोसपेक्षा २० ते ३० टक्के वाढ त्याच दिवसापासून. यासाठी नवी गोळी आणायला धावायची गरज नाही. आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या घ्यायच्या: समजा सोमवारी आणि गुरुवारी दोन-दोन, बाकी दिवशी एक. ८८ च्या गोळीवर असाल तर रोजची सरासरी ८८ वरून सुमारे ११३ होते, १०० वर असाल तर सुमारे १२९. त्याच आठवड्यात टीएसएच द्या आणि डॉक्टरांना फोन करून कळवा.

मात्र हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पुढच्या भेटीत सांगा, 'दिवस राहिले तर त्या दिवशी किती गोळ्या घ्यायच्या ते कागदावर लिहून द्या.' कारण सगळ्यांना दोनच जास्त लागतात असं नाही. टीएसएच आधीपासून १ च्या आसपास असेल तर वाढ कमी लागते, काहींना लागतही नाही. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढलेली असेल किंवा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केलेली असेल, तर वाढ जास्त लागू शकते, कारण तिथे ग्रंथीकडून जराही मदत नसते. हृदयाचा आजार असेल तर स्वतःहून वाढवायचंच नाही.

ही वाढ का लागते? इस्ट्रोजेन वाढल्याने थायरॉक्सिनला रक्तात वाहून नेणारं प्रथिन वाढतं आणि बराच हार्मोन त्याला चिकटून राहतो. शरीरातलं रक्त-पाणी वाढतं, बाळ आपला वाटा घेतं, वार काही हार्मोन मोडते. निरोगी ग्रंथी गर्भारपणातल्या एचसीजी या हार्मोनच्या चेतनेने उत्पादन वाढवून हे भरून काढते. हाशिमोटोने झिजलेल्या ग्रंथीला ते जमत नाही.

तपासणी: दर चार आठवड्यांनी, आणि रिपोर्ट वाचताना

२० व्या आठवड्यापर्यंत दर ४ आठवड्यांनी टीएसएच, मग एकदा २८ ते ३० व्या आठवड्यात. सहा आठवड्यांच्या अंतराने पाहिलं तर काय बिघडतं, तेही तपासलं गेलं आहे: थायरॉक्सिन घेणाऱ्या गर्भवतींच्या एका छोट्या अभ्यासात चार आठवड्यांच्या तपासणीने बिघडलेले ९२ टक्के आकडे सापडले, सहा आठवड्यांच्या तपासणीने ७३ टक्के. २० व्या आठवड्यानंतर गरज सहसा स्थिरावते. मधे डोस बदलला तर पुन्हा ४ आठवड्यांनी पाहायचं.

लक्ष्य २.५ च्या खाली. आकडा वर आला तर वाढीचा ढोबळ अंदाज असा: ५ पर्यंत असेल तर १२.५ ते २५ मायक्रोग्रॅम, ५ ते १० असेल तर २५ ते ५०, १० ते २० असेल तर ५० ते ७५. गर्भारपणातच पहिल्यांदा उघड हायपोथायरॉइडिझम सापडला तर २५ पासून हळूहळू चढवत बसत नाहीत. वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे २ मायक्रोग्रॅम असा पूर्ण डोस लगेच देतात. टीएसएच १५ आला म्हणून गर्भपात करावा का, असा प्रश्न घाबरून विचारला जातो. नाही. डोस त्याच दिवशी वाढवायचा आणि पुढे जायचं.

रक्त सकाळी, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी द्या. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी-फोर चढलेला दिसतो. टीएसएचही दिवसभरात बदलतो, पहाटे जास्त आणि दुपारी कमी, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळी आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा. टीएसएचसाठी उपाशी असण्याची सक्ती नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-फोर खोटा जास्त दिसतो, आणि मग डोस विनाकारण कमी केला जातो.

लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा बहुतेक वेळा गर्भवती नसलेल्या स्त्रीची असते, हेही ध्यानात असू द्या. थायरॉइड प्रोफाइल नावाखाली टी-थ्री (ग्रंथीचा दुसरा हार्मोन), टी-फोर (म्हणजेच थायरॉक्सिन), टीएसएच असा संच येतो. गर्भारपणात एकूण टी-फोर १६ व्या आठवड्यापर्यंत नेहमीच्या दीडपट होतो, टी-थ्रीही वाढतो, आणि कागदावर ते ठळक अक्षरांत 'जास्त' म्हणून येतात. ते तसेच असायला हवेत. त्यावरून गोळी कमी करायची नाही. टीएसएच तेवढा पाहा, अडलं तर फ्री टी-फोर. तोही गर्भारपणात सगळ्या यंत्रांवर भरवशाचा नसतो.

उलट बाजूही आहे. ८ ते ११ व्या आठवड्यांत एचसीजी शिखरावर असतं आणि टीएसएच आपोआप खाली येतो. त्या काळात ०.२ किंवा ०.१ आला, छातीत धडधड नाही, हातांना कंप नाही, तर घाईने डोस कापू नये. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावं. उलट्या फार होणाऱ्या किंवा जुळी असणाऱ्या स्त्रियांत तो आणखी खाली जातो.

उलट्यांवरून आठवलं: गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्या. सकाळ जमतच नसेल तर हे तीन महिने गोळी रात्री घ्या. बहुतेकींना ते सोपं जातं.

मीठ, आयोडीन आणि कोबी

गर्भारपणात आणि अंगावर पाजताना रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे घरात पोचलेल्या आयोडीनयुक्त मिठात किमान १५ पीपीएम आयोडीन असावं असा नियम आहे, म्हणजे एक ग्रॅम मिठातून सुमारे १५ मायक्रोग्रॅम. उरलेलं दूध, दही, अंडी, समुद्रातले मासे यांतून येतं. सैंधव आणि गुलाबी मीठ मुळात आयोडीनयुक्त नसतं. पाकिटावर तसं लिहिलेलं असेल तरच ते धरा. आरोग्यासाठी चांगलं म्हणून सगळा स्वयंपाक सैंधवात करण्याची लाट आली आहे, ती गर्भवतीच्या घरी नको. उपासाच्या दिवसापुरतं ठीक. आयोडीनयुक्त मीठ झाकणाच्या बरणीत ठेवा आणि शक्यतो स्वयंपाकाच्या शेवटी घाला.

जास्त आयोडीनही ग्रंथीला दाबतं, म्हणून समुद्री शेवाळाच्या म्हणजे केल्पच्या गोळ्या घेऊ नका. वंध्यत्वाच्या तपासात नळ्यांचा एक्स-रे तेलकट डाय वापरून झाला असेल, तर त्यातल्या आयोडीनमुळेही टीएसएच वाढू शकतो. पुढचे काही महिने तो पाहत राहा. कोबी, फ्लॉवर, मुळा शिजवून नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. कांचनार गुग्गुळ किंवा तत्सम काहीही थायरॉक्सिनची जागा घेऊ शकत नाही. प्राण्यांच्या ग्रंथींपासून केलेल्या किंवा टी-थ्री असलेल्या गोळ्या गर्भारपणात नकोत. बाळाच्या मेंदूला आईचा टी-फोर लागतो आणि या गोळ्यांवर तोच कमी पडतो.

आयव्हीएफ करत असाल तर

अंडी वाढवण्याच्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन एकदम चढतं आणि थायरॉइडची गरजही. इंजेक्शनं सुरू होण्याआधी टीएसएच २.५ च्या खाली असावा. इंजेक्शनांच्या मधेच केलेल्या टीएसएचचा अर्थ लावणं कठीण, तो टाळावा. दिवस राहिले तर वर सांगितलेलंच वेळापत्रक, पहिली तपासणी मात्र गर्भधारणेच्या चाचणीबरोबरच.

थायरॉइड जास्त असेल तर हे उत्तर लागू नाही

तुमचा प्रश्न हायपोचा, म्हणजे थायरॉइड कमी असण्याचा आहे, पण हे वाचणाऱ्यांत ग्रेव्हज आजाराच्या (प्रतिपिंडांमुळे ग्रंथी जास्त हार्मोन तयार करते अशा) स्त्रियाही असतील. त्यांना थायरॉइड कमी करण्यासाठी दिली जाणारी कार्बिमॅझोल ही गोळी पहिल्या तिमाहीत बाळात व्यंग निर्माण करू शकते. म्हणून प्रयत्न करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ती बदलायची का, बंद करता येईल का, की आधी कायमचा उपाय करायचा, हे ठरवावं लागतं. पहिल्या तिमाहीत त्याऐवजी प्रोपिलथायोयुरॅसिल वापरतात. तिचा यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून कावीळ, गडद लघवी, जेवणावरची वासना उडणं ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटायचं. पाळी चुकली तर चाचणी त्याच दिवशी, आणि दोन रेघा आल्या तर फोनही त्याच दिवशी. किरणोत्सारी आयोडीन घेतलं असेल तर किमान ६ महिने दिवस राहू देऊ नयेत. ग्रेव्हजसाठी ग्रंथी काढली किंवा निकामी केली असेल आणि आता थायरॉक्सिन सुरू असेल, तरी प्रतिपिंडं रक्तात उरतात आणि वारेतून बाळापर्यंत जातात. अशा स्त्रीने आपला जुना आजार प्रसूतितज्ज्ञांना सांगितलाच पाहिजे, म्हणजे टीआरएबी (याच प्रतिपिंडांची रक्ततपासणी) करून बाळावर लक्ष ठेवता येतं.

बाळंतपणानंतर

प्रसूतीच्या दुसऱ्या दिवसापासून दिवस जाण्याआधीचा डोस. वाढवलेला डोस तसाच चालू राहणं ही नेहमीची चूक आहे; धडधड, घाम, झोप न येणं हे बाळंतपणाचा थकवा म्हणून सोडून दिलं जातं. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच फाइलवर जुना डोस मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी टीएसएच. अंगावर पाजताना गोळी पूर्ण सुरक्षित आहे. डिंकाचे, अळिवाचे लाडू जरूर खा, गोळीनंतर तासाभराने.

प्रतिपिंडं असलेल्या पण गर्भारपणात गोळी न लागलेल्या स्त्रियांनी पहिल्या वर्षात सावध राहावं. त्यांच्यापैकी तिसरा हिस्सा ते निम्म्या जणींना प्रसूतीनंतरचा थायरॉयडायटिस होतो: आधी काही आठवडे थायरॉइड जास्त, मग काही महिने कमी. दुसऱ्या टप्प्यातली मरगळ, रडू येणं, दूध कमी होणं याला फक्त मनाचा थकवा समजू नका. प्रसूतीनंतरचं नैराश्य वाटत असेल तेव्हाही टीएसएच एकदा पाहा.

बाळाची तपासणी वेगळी करायची. तुमच्या हाशिमोटोमुळे बाळाला थायरॉइडचा त्रास होण्याची शक्यता फार कमी, पण जन्मजात हायपोथायरॉइडिझम आपल्याकडे सुमारे हजारात एका बाळात आढळतो आणि बहुतेकदा आईला काहीच नसतं. जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच तपासतात. सगळ्याच रुग्णालयांत ही तपासणी आपोआप होत नाही, त्यामुळे नाव नोंदवतानाच विचारा. प्रसूतीनंतर दुसऱ्याच दिवशी घरी सोडत असतील तर रक्त कधी आणि कुठे द्यायचं हेही ठरवून घ्या. आणि रिपोर्ट आठवडाभरात हातात आलाच पाहिजे, कारण आजार निघाला तर गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावी लागते.